सांगली-मिरज रोडची कोंडी मोजायची तर नेमकं काय मोजायचं?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

आपल्याकडे कोंडीवर बोलणं निघालं की दोनच आकडे कानावर येतात. एक, 'दिवसाला अमुक हजार गाड्या जातात'. दुसरा, 'पूर्वी आम्ही पंधरा मिनिटांत मिरजेला पोचायचो'. पहिला आकडा कोणीतरी चौकात खुर्ची टाकून मोजलेला असतो, पण त्यावरून कोंडी कळत नाही. दुसऱ्यावरून कळते, पण तो कोणी मोजलेला नसतो.

पहिल्यावरून का कळत नाही ते आधी सांगतो, कारण चर्चा दरवेळी तिथंच अडते. तासाला किती गाड्या गेल्या हा आकडा म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार असतो: रस्त्यावर दाटी किती, आणि गाड्या पळतायत किती वेगानं. किलोमीटरभरात ३० गाड्या आणि वेग ४० असेल तर तासाला १२०० गाड्या जातात. त्याच किलोमीटरमध्ये १५० गाड्या आणि वेग ८ असला, तरी १२००च. तक्त्यात दोन्ही वेळा सारखाच आकडा पडणार. पहिल्या वेळी तुम्ही शीळ घालत चाललाय, दुसऱ्या वेळी पुढच्या ट्रकचा धूर खात उभे आहात. ग्रीनशील्ड्स नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९३५ सालीच हे मांडून ठेवलंय. दाटी वाढत गेली की आधी प्रवाह वाढतो, एका टोकाला पोचतो आणि मग घसरायला लागतो. म्हणजे कोंडी हाताबाहेर गेली की मोजणीत गाड्या उलट कमी दिसतात. तो तक्ता बघून कोणी म्हणालं, 'संध्याकाळी सातला तर वाहतूक उतरते की', तर काय बोलणार?

म्हणून माझं म्हणणं, मिनिटं मोजा. राम मंदिर चौकातून निघून मिरजेच्या गांधी चौकापर्यंत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तुकड्यांत. तुकडे असे धरलेत: राम मंदिर ते पुष्पराज, पुष्पराज ते विश्रामबाग (मार्केट यार्ड यात येतं), विश्रामबाग ते विजयनगर, विजयनगर ते भारती हॉस्पिटल, तिथून कृपामयी, आणि कृपामयी ते गांधी चौक. सगळ्या रस्त्याची एकच सरासरी काढली तर पुढच्या मोकळ्या पट्ट्यात विश्रामबागेचं थांबणं झाकून जातं.

कोणाला काय सुचतंय ते लिहा. 'फ्लायओव्हर पाहिजे' एवढाच प्रतिसाद नको. त्यावर वेगळा धागा आहे आणि तिथं आधीच हाणामारी चालू आहे.

शंभरफुटी

फ्लायओव्हर पाहिजे.

(राहवलं नाही.) बाकी एवढा खटाटोप कशाला? गुगल मॅप उघडा. लाल दिसलं की कोंडी, हिरवं दिसलं की निघा. फुकटात आहे.

कृष्णाकाठचा

@शंभरफुटी, मॅप वापरायचाच आहे, पण एकमेव साक्षीदार म्हणून नको. लाल म्हणजे किती मिनिटं हे रंग सांगत नाही. गेल्या वर्षी याच वेळी किती लाल होतं, तेही तुमच्या-माझ्या हातात येत नाही. आणि तो आकडा शेवटी रस्त्यावरच्या फोनांवरून येतो. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकारानं हातगाडीत ९९ फोन घातले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती ओढत नेली. मॅपवर रस्ता लालभडक.

आपल्याकडची अडचण उलटी आहे. दुचाक्या फटीफटीतून पुढं सरकतात, बस जागची हलत नाही. फोन दोघांकडेही आहेत. मग दिसणारा वेग नक्की कोणाचा? मॅपमध्ये दुचाकीसाठी वेगळी सोय २०१७ पासून आहे, म्हणजे दोघांचा वेळ वेगळा असतो हे त्यांनाही मान्य आहे.

निवृत्त_उपअभियंता

धागा चांगला आहे, पण गाड्यांच्या मोजणीला इतकं तुच्छ लेखू नका. माझी निम्मी नोकरी त्या तक्त्यांत गेली.

मोजणी नुसत्या गाड्यांची नसतेच. प्रत्येक गाडीचं कारच्या हिशेबात रूपांतर करतात, त्याला पीसीयू म्हणतात. आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) १०६ क्रमांकाची संहिता आहे, १९९० ची, शहरी रस्त्यांच्या क्षमतेवर. तिच्यात कार १. दुचाकी ०.५, पण रस्त्यावर त्यांचा वाटा दहा टक्के किंवा वर गेला की ०.७५. रिक्षा १.२ ते २. बस-ट्रक २.२ ते ३.७. ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. आता उसाच्या हंगामात आपल्याकडे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, त्यातल्या मागचीला दिवा नसतो आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. तिचा आकडा कुठल्याच तक्त्यात नाही.

त्याच संहितेत रस्त्याचे प्रकार आहेत. मुख्य धमनी रस्ता म्हणजे ज्याच्या कडेला दुकानांना थेट तोंड नाही, गाड्या उभ्या नाहीत, आडवी ये-जा जवळपास नाही. असा चौपदरी दुभाजकवाला रस्ता तासाला ३६०० पीसीयू वाहतो. कडेच्या इमारतींना थेट रस्ता असेल, पण गाड्या उभ्या नसतील, तर २९००. तिसरा प्रकार म्हणजे दुकानं उघडी, गाड्या उभ्या, आडवी रहदारी भरपूर. दुभाजकवाल्या चौपदरीच्या ओळीत या तिसऱ्या प्रकारापुढं आकडाच नाही, नुसती रेघ आहे.

मार्केट यार्ड ते विश्रामबाग एकदा चालत जा आणि सांगा आपला रस्ता कुठल्या प्रकारात बसतो. कागदावर पहिला, वागणुकीनं तिसरा. कोंडीचं निम्मं उत्तर त्या रेघेत आहे, आणि मोजणी केल्याशिवाय हे तुम्हाला दिसलं नसतं.

हळदीगल्ली

वाचतोय. उपअभियंता साहेब, ट्रॉलीचं अगदी बरोबर.

माझं एकच म्हणणं, मोजणी कधी करणार ते आधी ठरवा. जूनमध्ये मोजाल तर सांगलीत कोंडीच नाही असं निघेल. कॉलेज बंद, ऊस संपलेला, यार्डात सामसूम. जानेवारी उलटला की नवीन हळद सुरू होते, कारखान्यांचा हंगाम भरात असतो, लग्नं असतात. तेव्हा यार्डाच्या दारात बाहेरगावचे ट्रक आत शिरायला थांबतात आणि त्यांचं शेपूट मेन रोडवर येतं. ट्रक तसे मोजकेच असतात. पण एकाला आत वळायला समोरच्यानं जागा दिली नाही, की मागं पुष्पराजपर्यंत बोंब. गाड्या मोजल्या तर तो ट्रक म्हणजे फार तर ३.७. त्यानं खाल्लेली मिनिटं मोजा म्हणजे कळेल.

वडाप_वाला

आता आम्हाला शिव्या पडायच्या आत मीच बोलतो. विश्रामबागेत सिग्नल ओलांडला की डावीकडं आम्ही थांबतो, आणि मागचा अख्खा पदर अडतो. दिसतं की आम्हालाबी. पण प्रवासी तिथंच उभा असतो, कारण बसचा थांबा तिथंच, कॉलेजची पोरं तिथंच. शंभर पावलं पुढं थांबलो तर एक माणूस येत नाही, तोवर मागचा रिक्षावाला भरून निघून जातो. थांबायला आत घेतलेली जागा कुठं आहे दाखवा, उद्यापासून तिथं थांबतो.

आणि साहेब, तुमच्या तक्त्यात आम्ही २ आणि कारवाला १. कारमध्ये एकटा माणूस एसी लावून बसलेला असतो. आमच्यात किती असतात ते मी इथं लिहीत नाही, पोलीसबी वाचत असतील.

शंभरफुटी

@वडाप_वाला 😂 हा आजच्या दिवसाचा प्रतिसाद.

कृष्णाकाठचा

@वडाप_वाला, हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. हिशेब करून बघू. शहरी बसमध्ये ४५ माणसं धरा. रस्त्यावर बसचा वाटा नगण्य, म्हणून तिचा आकडा २.२. तीच ४५ माणसं एकेकटी दुचाकीवर आली तर ४५ गुणिले ०.७५, सुमारे ३४. एकेकटी कारमधून आली तर ४५. माणसं तेवढीच. तरीही आपण मोजणीच्या शेवटी 'गाड्यांना' झालेला उशीर सांगतो. बस दोन मिनिटं अडली तर ९० माणूस-मिनिटं गेली, आणि एकट्या माणसाची कार दोन मिनिटं अडली तर दोन. उशीर माणसांत मोजला तर चौकात आधी कोणाला सोडायचं याचं उत्तर बदलतं.

मिरजेची_सिस्टर

मी रोज सांगलीहून मिरजेला ड्युटीला जाते. सरासरी वेळ हा प्रकार माझ्या काही कामाचा नाही, ते का सांगते.

सरासरी पंचवीस मिनिटं लागतात म्हणून मी पंचवीस मिनिटं आधी निघू का? ज्या दिवशी चाळीस लागतील त्या दिवशी आधीच्या पाळीतली बाई माझ्यासाठी ताटकळत बसणार. तिची मुलं शाळेतून यायची असतात. म्हणून मी रोजच चाळीस धरून निघते. बरेचदा लवकर पोचते आणि वॉर्डाबाहेर बाकावर बसून राहते. हा बाकावरचा वेळ तुमच्या कुठल्या तक्त्यात येतो?

आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जतपासून, पलीकडं कर्नाटकातून पेशंट येतात. गाडीत पेशंट घालून आणणाऱ्या माणसाला 'बहुतेक वेळा रस्ता मोकळा असतो' याचा काय उपयोग?

वालचंदी

@मिरजेची_सिस्टर, तुमच्या बाकावरच्या वेळाला शास्त्रात नाव आहे, राखीव वेळ. आणि तो मोजताही येतो.

नुसतं गणित म्हणून आकडे घेऊ, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. मोकळ्या रस्त्यावर १६ मिनिटं, गर्दीच्या वेळची सरासरी २५. वीसपैकी एकोणीस दिवस तुम्ही ४२ मिनिटांच्या आत पोचता. आता तीन आकडे निघतात.

२५ भागिले १६ म्हणजे १.५६. गर्दीत मोकळ्या वेळेच्या दीडपट लागतात. वर्तमानपत्रात छापला जातो तो हा.

४२ भागिले १६ म्हणजे २.६३. वेळेवर पोचायची खात्री हवी असेल तर मोकळ्या वेळेच्या अडीचपटीहून जास्त वेळ हाताशी ठेवा.

४२ वजा २५ म्हणजे १७, भागिले २५, म्हणजे ६८ टक्के. सरासरीवर एवढा वेळ जादा राखावा लागतो. हा तुमचा बाक.

दोन रस्त्यांची सरासरी सारखी असूनही एकाचा राखीव वेळ २० टक्के आणि दुसऱ्याचा ६८ टक्के असू शकतो. लोक शिव्या देतात त्या दुसऱ्याला. पदर वाढवून सरासरी खाली येते, पण यार्डाच्या दारातला तो एक ट्रक सुधारला तर बाक कमी होतो. दोन्ही कामं वेगळी आहेत, खर्चही वेगळे.

उपरा_पुणेकर

सांगलीत कोंडी? या एकदा आमच्याकडे, हडपसरला. टॉमटॉम या नकाशावाल्या कंपनीच्या २०२४ च्या कोंडीच्या यादीत पुणे जगात चौथं आहे. दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद.

शंभरफुटी

आला. आम्ही वाटच बघत होतो.

निवृत्त_उपअभियंता

@उपरा_पुणेकर, अभिनंदन. पण त्या यादीत एक मेख आहे, ती बघून घ्या. दहा किलोमीटरला लागणारा वेळ आणि कोंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पेठेचा रस्ता रात्री दोन वाजताही सावकाशच काढावा लागतो. बोळ अरुंद, वळणं, कुत्री, गतिरोधक. तिथं वेळ जास्त लागतो तो रस्त्याच्या ठेवणीमुळं, आणि त्या वेळी कोंडी शून्य असते.

भारतातल्या १५४ शहरांचा एक मोठा अभ्यास झालाय, गुगल मॅपवरून सव्वादोन कोटींच्या आसपास प्रवासांचे वेळ काढून. त्यातनं निघालं ते हेच, की आपली शहरं एकमेकांपेक्षा हळू आहेत ती मुख्यत्वे मोकळ्या रस्त्यावरच हळू असल्यामुळं. गर्दीमुळं पडणारा फरक त्यामानानं थोडा. पेठेतला मारुती रोड आणि मिरज रोड एकाच पट्टीनं मोजले तर हीच गल्लत होणार. मारुती रोड हळू आहे. मिरज रोड कोंडतो.

वालचंदी

@निवृत्त_उपअभियंता काका, मग मोकळा वेळ धरायचा कुठला? रात्री तीनला पोरं इतकी सुसाट जातात की तो आधार धरला तर दिवसभर कोंडीच दिसेल. दुपारी दोनचा धरावा का?

निवृत्त_उपअभियंता

दुपारी दोनला विलिंग्डन कॉलेज सुटलेलं असतं. रविवारी पहाटे साडेपाच ते सहा धरा. फिरायला जाणारी माणसं असतात म्हणून कोणी सुसाट जात नाही, दुधाच्या गाड्या सोडल्या तर रस्ता रिकामा. एकदा काढलेला तो आकडा वर्षानुवर्षं हलवायचा नाही, एवढं पाळा. आधारच दरवर्षी बदलला तर रस्ता बिघडत जाईल आणि आकडा जागच्या जागी राहील.

सांगलीवाडीकर

सगळं वाचलं. मला यातलं गणित फार कळत नाही, पण एक सुचलं.

पुराच्या दिवसांत सांगलीत कोणी 'पाणी लई वाढलंय' एवढ्यावर थांबत नाही. आयर्विन पुलाला किती फूट, हे विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका, शाळेतल्या पोराला पाठ आहे. पूल १९२९ चा, पट्टी तिथंच, वाचायची जागा तीच. त्यामुळं २००५ ला किती होतं, २०१९ ला किती, २०२१ ला किती, यावर भांडण होत नाही. सूर्यवंशी प्लॉटवाला, दत्तनगरवाला, कर्नाळ रोडवाला आपापलं बघतो की आपल्या दारात कितीला येतं, आणि त्याप्रमाणं सामान हलवतो.

रस्त्याला अशी पट्टी करा. गावानं रोज एकच आकडा बघायचा.

कृष्णाकाठचा

@सांगलीवाडीकर, मी एवढं लांबण लावून जे म्हणत होतो ते तुम्ही चार ओळींत मांडलंत. इशारा आणि धोका या खुणा कुठं मारायच्या यालाही आधार आहे. रस्त्याच्या सेवेला 'ए' ते 'एफ' अशा श्रेणी द्यायची पद्धत अमेरिकेच्या रस्ते-क्षमता नियमावलीत १९६५ ला आली. शहरी रस्त्यासाठी २०१० च्या आवृत्तीत ती मोकळ्या वेगाच्या टक्क्यांत आहे. वेग मोकळ्याच्या निम्म्यावर आला की 'सी' संपून 'डी' सुरू होतं. ३० टक्के किंवा खाली गेला की 'एफ'. तर इशारा निम्म्यावर, धोका तीस टक्क्यांवर. मोकळा वेग ४० असेल तर २० ला इशारा, १२ ला धोका.

भारताची स्वतःची नियमावली २०१७ ला सीआरआरआयनं (केंद्रीय रस्ता संशोधन संस्थेनं) काढलीय. तिच्यात पीसीयूसुद्धा एकच ठोकळ आकडा नाही, गाडीचा वेग आणि तिनं अडवलेली जमीन यांवरून बदलता येतो. उसाच्या जोडट्रॉलीला खरा आकडा लावायचा तर रस्ता तोच.

उपरा_पुणेकर

बरं, चेष्टा सोडा. मोजणार कसे? महिनाभर रोज गाडी घेऊन हिंडणार आहात का सगळे?

वालचंदी

त्याची गरज नाही. तीन पद्धती आहेत, तिन्ही बिनखर्चाच्या.

पहिली वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांची, १९५४ ची. एका दुचाकीवर दोघं, पुढचा चालवतो, मागचा मोजतो. जाताना समोरून किती गाड्या आल्या ते मोजायचं. परत फिरून त्याच गाड्यांच्या दिशेनं येताना आपल्याला किती जणांनी मागं टाकलं आणि आपण किती जणांना टाकलं ते मोजायचं. समजा दोन किलोमीटरचा तुकडा. जाताना ६ मिनिटं, समोरून १८० गाड्या. येताना ७ मिनिटं, २२ जण पुढं गेले, ७ जणांना आपण टाकलं, फरक १५. आता १८० अधिक १५ म्हणजे १९५, भागिले एकूण १३ मिनिटं, म्हणजे मिनिटाला १५ गाड्या, तासाला ९००. आपल्याला ७ मिनिटं लागली, त्यातून १५ भागिले १५, म्हणजे १ वजा. प्रवाहातल्या गाडीचा सरासरी वेळ ६ मिनिटं, वेग २० किलोमीटर. आपण हळू चालवली काय आणि जोरात चालवली काय, सूत्र ते पोटात घेतं. एका फेरीत गाड्यांची संख्याही मिळते आणि वेळही. काकांचं आणि धागाकर्त्याचं भांडण मिटलं.

फक्त दुचाक्यांचा थवा दोन्ही बाजूंनी पुढं गेला की मागच्याची बोटं कमी पडतात. म्हणून अशा किमान पाच-सहा फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते. आणि ती मिनिटांची घ्या, वेगांची नको. जाताना ४० नं गेलात आणि त्याच रस्त्यानं १० नं आलात तर सरासरी २५ होत नाही, १६ होते.

दुसरी पद्धत, नंबरप्लेट. दोघं दोन टोकांना. येणाऱ्या गाडीचे शेवटचे चार आकडे आणि घड्याळातली वेळ फोनमध्ये बोलत जायची. घरी येऊन जुळवायचं. मधे चहाला थांबलेले, मार्केटात शिरलेले असे काही निघतील, त्यांचे वेळ अवाच्या सवा असतात. म्हणून सरासरीऐवजी मधला वेळ घ्यायचा, सगळे ओळीनं लावून बरोबर मधोमध येणारा.

मिरजेची_सिस्टर

लोकांचे गाडीनंबर असे गोळा करणं बरं दिसत नाही. उद्या कोणी विचारलं तर?

वालचंदी

नुसते चार आकडे, पुढची एमएच १० ची मालिका नाही, अक्षरं नाहीत. तेवढ्यावरून गाडी कोणाची ते कळत नाही. आणि जुळवून झालं की यादी पुसायची. तरी रास्त शंका आहे, त्यामुळं पहिली पद्धतच आधी करू.

हळदीगल्ली

तिसरी कुठली?

वालचंदी

तिसरी सगळ्यात सोपी, आणि दुकानात बसूनही जमेल. खांब मोजायचे. विश्रामबागेचा सिग्नल हिरवा होतो त्या क्षणाला रांगेचं शेपूट कितव्या विजेच्या खांबापर्यंत आहे ते लिहायचं. दोन खांबांतलं अंतर एकदा पावलांनी मोजून ठेवायचं. मग हिरवा संपेपर्यंत तो शेपटाकडचा माणूस चौक पार करतो का ते बघायचं. पार झाला तर ती रांग साधी, सिग्नलची. पार झाला नाही, त्याला दुसऱ्या हिरव्याची वाट बघावी लागली, तर कोंडी. हिरवा लागल्यावर पहिले काही सेकंद तर हलण्यातच जातात, कारण दुचाक्या पट्टीच्या पुढं येऊन आडव्या उभ्या असतात आणि कारवाला त्यांच्या मागं हॉर्न वाजवत बसतो. संध्याकाळी किती वाजता 'दुसरा हिरवा' सुरू होतो आणि किती वाजता थांबतो, एवढं लिहिलं तरी कोंडी किती वेळ टिकते ते निघतं. पाच वर्षांत शेपूट तेवढंच राहील, पण साडेसहाची कोंडी साडेपाचला सुरू व्हायला लागेल, असंही होतं. गर्दीच्या एका तासाची मोजणी करणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

हळदीगल्ली

हे मी करतो. माझ्या दुकानातून विश्रामबाग दिसत नाही, पण यार्डाचं दार दिसतं. ट्रक आत वळायला किती वेळ रस्ता अडवून उभा राहतो ते लिहून ठेवतो. हमालांनाही सांगतो, त्यांना तर पाठच असेल.

निवृत्त_उपअभियंता

उत्तम. एक सूचना. चिंतामणीनगरचा पूल २०२३ ला पाडला तेव्हा माधवनगर रोडची गर्दी उठून भलत्याच रस्त्यांवर गेली होती. असं काही काम कुठं चालू असेल तर तारखेपुढं शेरा मारा. पुराचे दिवस, गणपतीची मिरवणूक, बाजाराचा दिवस, एसटीचा संप, सगळ्याला शेरा. ते दिवस काढून मात्र टाकू नका. सिस्टरबाईंना त्या दिवशीही ड्युटी असतेच. सरासरी दोनदा काढा, एकदा शेरेवाले दिवस धरून, एकदा वगळून. दोन्हींतला फरक हाच तुमच्या रस्त्याचा नाजूकपणा.

आणि मंगळवार, बुधवार, गुरुवार घ्या. सोमवारी बाहेरगावचे परतत असतात, शुक्रवारी निघत असतात.

कृष्णाकाठचा

ठरवून टाकू. येत्या बुधवारपासून, सकाळी सव्वानऊ ते सव्वादहा आणि संध्याकाळी सहा ते साडेसात. दुचाकीवर मी आणि वालचंदी, पुष्पराज ते विजयनगर. हळदीगल्ली यार्डाच्या दारात. शंभरफुटी, विश्रामबागेतले खांब तुमच्याकडे. घर जवळ आहे, कारण सांगू नका. सिस्टरना वेगळं काही करायला नको, फक्त निघाल्याची आणि पोचल्याची वेळ रोज इथं टाका, म्हणजे राखीव वेळ खऱ्या माणसाच्या घड्याळावरून निघेल. आधाराचा मोकळा वेळ या रविवारी पहाटे काढतो. काका, तुम्ही येणार असाल तर साडेपाचला पुष्पराज चौकात.

शंभरफुटी

खांब मोजतो. पण शेवटी आकडा आला की मी फ्लायओव्हर म्हणणारच.

निवृत्त_उपअभियंता

येतो. तक्ते मी छापून आणतो, सवयीचे आहेत.

वडाप_वाला

तक्ता छापताय तर एक बघा साहेब. बुधवारी संध्याकाळी मी विश्रामबागेतच असतो. माझी रिक्षा दिसली की 'उभी गाडी' म्हणून लिहू नका. उभी गाडी म्हणजे कोणीतरी लावून दुकानात गेलाय ती. मी प्रवासी घेत असतो.

निवृत्त_उपअभियंता

मान्य. दोन रकाने करतो. किती सेकंद थांबलात तेही लिहू, म्हणजे थांबा आत घ्यायचा झाला तर किती रिक्षांपुरता लागेल ते त्यातूनच निघेल.